माहेरचं डिझेल

माझा नवरा म्हणतो, माझ्या तोंडाला ब्रेक न्हाय. खरंच न्हाय. पण त्या गुरुवारी सकाळी मी माझ्या सासूला जे बोलले, ते रागाच्या भरात निसटलं असं सांगायची सोय न्हाय. मला ते बोलायचंच होतं. दोन वर्षं बोलायचं होतं.

मी नीलम. माहेर निपाणीजवळ, सासर जांबोटीच्या पलीकडं रानात. चार घरांची वस्ती आहे आमची, त्यातलं एक बंद. नवरा नागेंद्र गोव्यात गाडी चालवतो, महिन्यातनं एकदा घरी येतो. घरात मी आणि सासू जयाबाई. तिला मी आत्ती म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. दोन म्हातारे बैल, एक म्हैस, भाताची खाचरं, आणि एक छोटा ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर माझ्या भावाचा, स्वरूपचा. त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. निपाणीत मी लग्नाआधीपासून चालवत होते, त्यामुळं इथं आल्यावर वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत बसायच्या. मला लई भारी वाटायचं तेव्हा.

वस्तीपासून डांबरी रस्ता सात किलोमीटर. मधे सगळं रान. सकाळी साडेसातला बेळगावची बस त्या फाट्यावर येते, त्यानंतर थेट साडेअकराला. फोनला रेंज पाहिजे असेल तर घरामागच्या कातळावर चढायचं, आणि तिथं एका ठराविक दगडावर उभं राहायचं, तेसुद्धा हलायचं न्हाय. त्या दगडावर उभी राहून मी दोन वर्षं माझ्या पोरीशी बोलले.

पोरगी दिपाली, नऊ वर्षांची. इकडची शाळा पोरं न्हाईत म्हणून बंद झाली, तेव्हापासून ती निपाणीला स्वरूपकडं शिकते. म्हणजे बघा, माझी पोरगी माझ्या माहेरी आणि मी तिच्या बापाच्या घरी. तिचा दात पडला, ते मला चार दिवसांनी कळलं. तिला ताप आलता, ते उतरल्यावर कळलं. दिवाळीत मामीसोबत आली तर मला 'मामी' म्हणून हाक मारली, आणि मामीला 'आई'. सगळे हसले. मी गोठ्यात जाऊन रडले.

अशात बेळगावातल्या एका मुलींच्या वसतिगृहात बाई पाहिजे म्हणून कळलं. तिथंच राहायचं, मुलींवर लक्ष ठेवायचं, खोली त्यांची, जेवण त्यांचं, आणि स्वतःचं मूल असेल तर सोबत ठेवायला परवानगी. शाळा फाटकाला लागून. मी अर्ज केला, मुलाखत दिली, आणि मंगळवारी पत्र आलं. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हावे, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवारास बोलावले जाईल. पुढची उमेदवार बेळगावातच राहणारी होती. मुलाखतीला माझ्या शेजारीच बसलती, पर्समधनं आरसा काढून बघत.

पत्र मी आत्तीला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती.

"बरं," म्हणाली, आणि पाखडत राहिली.

या 'बरं'चा मला भयंकर राग येतो. पोरगी निपाणीला पाठवायची ठरली तेव्हाही हेच 'बरं'. नागेंद्र गोव्याला गेला तेव्हाही 'बरं'. एखादं माणूस कधीतरी म्हणेल की न्हाय, की नको जाऊ, किंवा जा बाई एकदाची. छे! सूप वर, सूप खाली, आणि 'बरं'.

आता डिझेलचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

संक्रांतीला मी निपाणीला गेलते तेव्हा स्वरूपनं वीस लिटरचा कॅन भरून दिला. तिकडं एका गोडाऊनच्या मागं कुणीतरी बायोडिझेल म्हणून विकतो. पामतेल आणि हॉटेलातलं तळून उरलेलं तेल वापरून करतात म्हणे. पंपापेक्षा स्वस्त. स्वरूपचे दोन्ही ट्रॅक्टर त्याच्यावर पळतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, एका झटक्यात चालू. फक्त मागनं धूर आला की मिरचीभजी तळल्याचा वास येतो. आम्ही दोघं बहीण-भाऊ त्यावर खूप हसलो. आणि माहेरचं म्हटलं की मला पाण्याची बाटलीसुद्धा गोड लागते, तिथं डिझेलचं काय.

घरी आल्यावर मी आत्तीला म्हटलंसुद्धा, "बघा, आमच्याकडं कशी सोय हाय. तुमच्या जांबोटीत डिझेलसाठी सुद्धा बेळगाव गाठाय लागतंय."

"बरं," म्हणाली ती.

बुधवारी संध्याकाळी टाकीत पंपाचं जे काय तळाला होतं त्यावर मी तो सगळा कॅन ओतला. ट्रॅक्टर चालू करून खळ्यात दोन फेऱ्या मारल्या. झकास चालला. टाकीचं झाकण जरा वाकडं आहे, खाली दाबून मग डावीकडं फिरवावं लागतं. नागेंद्रला ते शिकायला महिना लागलता. ते नीट बसवलं आणि ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या छपरात लावला.

आत्ती दारातनं म्हणाली, "उताराला लाव गं."

आमच्या भागात ज्याच्याकडं जुनी गाडी आहे तो ती उताराला लावतो. चाकाला दगड. सकाळी दगड काढायचा, गाडी सोडायची, गिअर टाकायचा, इंजिन आपोआप धरतं. पण मी निपाणीची. आमच्याकडं सगळं सपाट. मला ते गावंढळ वाटायचं.

"आत्ती, सेल्फ हाय त्याला. बटण दाबलं की चालू हुतोय. बाहेर दवात कशाला भिजवायचा?"

मी म्हैस आणायला ओढ्याकडं गेले.

गुरुवारी पहाटे उठले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. जानेवारीत आमच्याकडं असंच असतं, धुकं अंगणापर्यंत येऊन बसतं, समोरची फणसाची झाडंसुद्धा दिसत न्हाईत. आंघोळ केली, केस बांधायला घेतले. कागदांची फाईल पिशवीत, वर प्लॅस्टिक. सव्वासहाला मी ट्रॅक्टरवर बसले. साडेसातची बस, सात किलोमीटर, उजाडायला आलेलं. वेळच वेळ होता.

बटण दाबलं. सेल्फ फिरला, इंजिन घुरघुरलं, आणि गप्प.

परत दाबलं. घुर्र, घुर्र, घुर्र. गप्प.

मी थांबले, दहा मोजले, पुन्हा. एकदा दोन ठोके दिले त्यानं, आता धरतोय म्हणून माझा जीव वर आला, आणि फुस्स. त्यानंतर ते दोन ठोकेसुद्धा न्हाईत. मागनं पांढरा धूरसुद्धा येईना. म्हणजे इंजिनपर्यंत डिझेलच पोचत न्हाय.

खाली उतरले, इंजिनला जाणाऱ्या नळीचा नट ढिला केला, हवा काढायचा पंप हातानं दाबून बघितला. एरवी बुडबुडे येतात आणि मग डिझेलची धार लागते. आता बोट दुखेपर्यंत दाबलं तरी एक थेंब न्हाय. टाकी तर अर्ध्याच्या वर भरलेली.

पावणेसात झाले. वस्तीतल्या शामू आप्पांची मोटारसायकल आठवली, धावत त्यांच्या घरापर्यंत गेले. आप्पा म्हणाले, पोरगा काल तीच घेऊन गोव्याला गेलाय. म्हणाले, चालत जा. सात किलोमीटर चालत पाऊण तासात कोण जातंय? आणि त्या धुक्यात, जिथं परवाच गव्यानं एकाला झाडावर चढवलं होतं? कातळावर चढले, त्या दगडावर उभी राहिले. जांबोटीच्या जीपवाल्याचा फोन बंद. नागेंद्रला लागला, तो म्हणाला, "बॅटरी बघ." वास्कोत बसून सांगतोय, बॅटरी बघ!

परत खाली आले आणि पुन्हा सेल्फ मारला. मारत राहिले. बॅटरीचा आवाज जड झाला, मग नुसती टक् टक्, मग तीही न्हाय.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे खरी. मी छपरातनं बाहेर बघितलं तर चारी बाजूंनी पांढरं. रस्ता न्हाय, झाडं न्हाईत, आवाज न्हाय. मला वाटलं, दहा वर्षं मी इथं उभी आहे आणि अजून दहा वर्षं अशीच उभी असणार. दिपाली दहावी होईल, बारावी होईल, तिच्या लग्नात मी पाहुणी म्हणून जाईन. आणि इथं सूप वर, सूप खाली.

वळले तर आत्ती गोठ्याच्या दारात उभी. डोक्यावरनं घोंगडं, हातात चहाचा पेला. माझ्यासाठी आणलता.

आणि मला वाटलं, समजलं! संध्याकाळी मी म्हशीकडं गेलते तेव्हा ही एकटी होती. ट्रॅक्टर इथं, पाण्याचा हौद इथं.

"तुम्हीच केलंसा," मी म्हटलं.

"काय गं?"

"टाकीत पाणी वतलंसा तुम्ही. मी जाऊ नये म्हणून. पोरीला तोडलंसा माझ्यापासनं, आता मला बी इथंच पुरायचं हाय तुम्हाला. तुम्हाला माणूस न्हाय वो लागत, तुम्हाला शेण काढायला बाई लागती!"

तेव्हा 'बरं' म्हणाली असती तर बरं झालं असतं. चहाचा पेला तिनं खांबाजवळ खाली ठेवला, अगदी हळू, सांडू नये म्हणून. मग म्हणाली, "पाणी वतलं असंल तर तळाला असंल. काढून बघ."

बघतेच, म्हटलं. पुरावाच दाखवते. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा एक स्क्रू असतो. खाली वाटी धरून मी तो काढला. पाणी आलं न्हाय. डिझेलही आलं न्हाय. मग चिडून अख्खा फिल्टरच खोलला, आणि बघत राहिले.

आत पांढरं होतं. घट्ट. तुपासारखं. बोट घातलं तर बोटाला चिकटून आलं.

"हे काय वतलंसा तुम्ही?" मी म्हटलं, पण आवाजात आता तो जोर नव्हता.

आत्ती पुढं आली. माझ्या बोटावरचं तिनं आपल्या बोटावर घेतलं, चोळलं. चोळल्यावर ते वितळलं, बोट ओलं झालं. तिनं नाकाला लावलं.

"भज्याचं तेल हाय हे," म्हणाली.

मग घरात गेली आणि देवळीतली खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. माझ्या तोंडासमोर उलटी धरली. आतलं तेल पांढरं, दगडासारखं, एक थेंब हलला न्हाय. आंघोळीनंतर मीच ती बाटली चुलीशेजारी शेकत ठेवलती, तेल सुटंना म्हणून परत देवळीत ठेवून केस तसेच बांधलते.

"हे थिजलं, तसं ते थिजलं," आत्ती म्हणाली. "तुमच्याकडं थंडी कमी असंल."

एवढंच. तुमच्याकडं थंडी कमी असंल. मला कानफटात मारली असती तर कमी लागलं असतं. निपाणीत जे डिझेल एका झटक्यात पेटतं, ते आमच्या रानातल्या थंडीत तुपासारखं होऊन फिल्टरच्या जाळीत बसलं होतं. पंपाचं डिझेल एवढ्या थंडीत थिजत न्हाय, दहा वर्षांत कधी थिजलं न्हाय. मी माझ्या हातानं, मोठ्या तोऱ्यात, माहेरचा कॅन ओतून स्वतःला कोंडून घेतलं होतं. ऊन चढलं की ते आपोआप पातळ होणार, पण आमच्या छपरात ऊन यायला दहा वाजतात. आणि दहाला निघून मी ट्रॅक्टरनं अकराला बेळगाव कशी गाठणार?

मी तिथंच शेणावर बसले आणि रडले. लाज सोडून रडले. "गेलं आत्ती," म्हटलं, "दिपाली गेली माझी."

"उठ," ती म्हणाली. "न्हाणीत पाणी उकळतंय."

दोन हंडे उकळतं पाणी आम्ही आणलं. मी म्हटलं खाली वाळल्या पानांची चगळ पेटवूया, लवकर तापंल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. तिनं दोन गोणपाटं गरम पाण्यात बुडवली आणि टाकीला गुंडाळली, बाळंतिणीचं पोट शेकतात तशी. फिल्टर मी गरम पाण्याच्या बादलीत डबा ठेवून त्यात शेकला, पुसला, बसवला. नळीवर फडकी गुंडाळली. गोणपाट निवलं की ती काढायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा गुंडाळायची. तिचे हात लालभडक झालते. मी म्हटलं, "द्या मी करते." म्हणाली, "तू तुझं बघ."

हवा काढायचा पंप दाबला. बुडबुडा आला. अजून एक. मग धार. पिवळी, पातळ, भज्याच्या वासाची धार. मला त्या वासानं कधी एवढा आनंद झाला नव्हता.

पण बॅटरी मेलेली. आणि ट्रॅक्टर सपाटीवर, छपरात. उतार खळ्याच्या पलीकडं, तीस-चाळीस पावलं. आम्ही दोघींनी ढकलून बघितलं. जागचा हलंना.

"उताराला लाव म्हटलतं," असं ती आता म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली न्हाय. ती गोठ्यात गेली आणि बैल सोडून आणले.

आता या बैलांवरनं आमच्या घरात किती भांडणं झाली सांगू! ट्रॅक्टर आल्या दिवसापासनं मी म्हणत होते, विका यांना, बसून खातात. हरण्याला एका डोळ्यानं कमी दिसतं, कोसा तर चालता चालता झोपतो. आत्तीनं त्यांना जू लावलं, साखळी ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकात अडकवली, आणि जिभेनं असा टक् आवाज काढला. दोघं म्हातारे वाकले. पाय मातीत रुतले. आणि माझा सेल्फवाला ट्रॅक्टर त्यांच्यामागनं हळूहळू छपराबाहेर निघाला. मी वर बसून स्टेअरिंग धरलं होतं. वस्तीतली माणसं बघायला आलती, शामू आप्पा म्हणाले, "काय गं, डिझेल कुठल्या बैलात भरलंयस?" मला हसू पण येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण होत होतं.

उतारावर आत्तीनं साखळी सोडली, बैल बाजूला घेतले. मी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला, ब्रेक सोडला. ट्रॅक्टर गडगडत सुटला. निम्म्या उतारावर क्लच सोडला. एक दचका, दोन दचके, काळा धूर, आणि धडधड धडधड सुरू झाला की तो! मी किंचाळले. खरंच किंचाळले.

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. बस कधीच गेलती. म्हणजे ट्रॅक्टरनंच बेळगाव गाठायचं, तीस किलोमीटर. आणि इंजिन कुठंही बंद पडता कामा नये, बॅटरीवर माझा भरवसा नव्हता.

"थांब," आत्ती ओरडली. बैल आप्पांच्या हातात दिले, घोंगडं नीट घेतलं आणि मडगार्डवर चढून बसली. "आत जाशील तवा राखत कोण बसणार याला?"

आयुष्यात ती पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसली. रस्ताभर आम्ही बोललो न्हाय, इंजिनच्या आवाजात बोलता येतही न्हाय. रानातनं जाताना थंडी कापत होती आणि मला प्रत्येक वळणावर वाटायचं, आता थिजतंय, आता बंद पडतंय. तिनं एका हातानं लोखंड धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझी फाईलची पिशवी छातीशी धरली होती. डांबरी रस्ता आला, धुकं संपलं, पाठीवर ऊन आलं. ऊन बघून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकराला बारा मिनिटं कमी होती. मी उडी मारली. फाटकावरचा माणूस कानडीत ओरडायला लागला, इंजिन बंद करा म्हणून. मागं आत्तीचा आवाज आला, तिच्या मोडक्यातोडक्या कानडीत. बंद करते, म्हणत होती, पण मग तू ढकलायचं.

आत ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी माझ्याकडं वरनं खालपर्यंत बघितलं. साडीला शेण, हाताला काळं, अंगाला भज्याचा वास. कागद तपासले. सही कुठं करायची ते दाखवलं. "सोमवारी मुलीला घेऊन या," म्हणाल्या. मुलीला घेऊन या. मी सही केली. खिडकीतनं ती धडधड ऐकू येत होती, आणि धडधड चालू आहे तोवर सगळं ठीक आहे असं मला वाटत होतं.

बाहेर आले तर आत्ती तशीच बसली होती. हलली नव्हती.

"झालं?"

"झालं. सोमवारी या म्हणाल्या. दिपालीला घेऊन."

"बरं," म्हणाली ती.

आज तो शब्द ऐकून मला राग आला न्हाय. सोमवारनंतर ती एकटी. चार घरांची वस्ती, एक म्हैस, दोन म्हातारे बैल, आणि धुकं. मी सुटले होते, पण जिथनं सुटले तिथं ती राहणार होती, आणि हे मला त्या क्षणापर्यंत एकदाही सुचलं नव्हतं.

परत जायचं तर टाकीत पंपाचं डिझेल मिसळून घ्यावं म्हणून पंपावर वळलो. तिथं इंजिन बंद केल्याशिवाय डिझेल देत न्हाईत. आता बॅटरी दीड-दोन तास भरली होती, ऊनही होतं. मी बंद केलं. एकदम शांत झालं सगळं. पुढं तीन गाड्या होत्या.

"आत्ती," मी म्हटलं, "सकाळी मी लई वाईट बोलले. चुकलं माझं."

ती समोरच्या गाडीकडं बघत होती.

"समदं चुकलं न्हाई तुझं," म्हणाली. "काल तू म्हशीकडं गेलतीस तवा कळशी घेऊन गेलते मी ट्रॅक्टरपाशी. भरलेली."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"मनात आलतं माझ्या. एक दिवस न्हाई गेली तर दुसरी कोण तरी घेतील, आन ही ऱ्हाईल. असं आलतं मनात."

"मग?"

"मग काय. त्ये झाकण उघडाय येतंय व्हय मला? न्हाई उघडलं. आले परत. कळशी म्हशीच्या डोणीत वतली."

चिडावं का हसावं कळंना. नशीब माझं, म्हटलं मनात, की झाकण वाकडं आहे.

आमचा नंबर आला. पंपावरच्या पोरीनं नळी उचलली आणि म्हणाली, "टाकी उघडा." मी सीटवर, स्टेअरिंगपाशी अडकलेली. टाकीचं झाकण आत्तीच्या हातापाशी.

"आत्ती, जरा उघडता का?" मी म्हटलं. "आधी ते..."

दाबायचं, आणि मग डावीकडं फिरवायचं, हे मी सांगणार होते. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात झाकणावर गेला. तळव्यानं खाली दाबलं, डावीकडं फिरवलं, आणि उचलून हातात घेतलं. एका झटक्यात. नागेंद्रला जे शिकायला महिना लागलता ते.

म्हणजे काल ते उघडलं होतं. भरलेली कळशी हातात, टाकी उघडी, आजूबाजूला कोणी न्हाय. आणि तिनं झाकण परत लावलं होतं, नीट, झाकणाकडं बघून मला सकाळी शंकासुद्धा येऊ नये असं.

माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. तिनं बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते तिच्याही ध्यानात आलं. तिनं झाकण पदराखाली घेतलं, जसं काही मी ते बघितलंच न्हाय.

"झिरो बघा," पंपावरची पोरगी म्हणाली.

"बघ की गं," आत्ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "ती काय म्हणती बघ. झिरो बघ."